ठिगळाचा बटवा

आजही कुणाच्या दंडाला प्रेशरचा पट्टा गुंडाळला, की त्या रबराच्या वासासरशी पुष्पलता जामसरला जाऊन पोचते. मधे तिच्या तीन बदल्या झाल्या. हातात बॅटरीवर चालणारं, आकडा आपला आपण दाखवणारं यंत्र आलं. तेव्हा सात महिन्यांची असलेली उज्ज्वला आता तिसरीत आहे आणि आईला पाढे विचारते. पण उपकेंद्राच्या ओट्यावर ठेवलेली ती पाऱ्याची पेटी, झाकण उघडताना होणारा तिचा आवाज, आणि समोर उकिडवा बसलेला बुध्या यातलं काहीच जुनं होत नाही. तिथली ती दोन वर्षं तिनं कुणाला सांगितली नाहीत. सांगायला बसली असती तर बुध्याच्या बटव्यापासूनच सुरुवात केली असती.

दोन हजार साल उजाडायला तेव्हा वर्ष उरलं होतं. पुष्पलता नर्सबाई म्हणून नवी नवी होती. नवरा तुळशीदास मोखाड्याला मास्तर. शनिवारी शेवटच्या जीपनं यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मधले सगळे दिवस ती, तान्ही उज्ज्वला आणि उपकेंद्राच्या दोन खोल्या. पोरगी झोपली की रजिस्टर, जागी झाली की कडेवर. पाड्यावर लस द्यायला जाताना एका खांद्याला लशींचा डबा आणि पाठीला उज्ज्वलाची झोळी. बायका हसायच्या. "बाय, एक डबा थंड, एक डबा गरम!"

बुध्या राहायचा खडकीपाड्यावर. दहा घरांचा पाडा. शेत कुणाचंच नाही, सगळे रोजावर जाणारे. बुध्या ऐन उमेदीत कड्यावरचा मध काढायचा. दोरीवर लोंबकळत, धूर करून, पोळं कापून खाली सोडायचा. आता साठी उलटली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. उजव्यानं उजेड तेवढा कळायचा, डाव्यानं माणसाची सावली. बायको तीन पावसाळ्यांपूर्वी गेली. घरात मुलगी गोदी, जावई नवसू आणि नात प्रगती. प्रगतीला त्याच वर्षी पहिलीत घातलं होतं. पाड्यावरून शाळेत जाणारी ती पहिलीच पोर.

श्रावणात जव्हारला डोळ्यांचं शिबिर भरलं. पुष्पलतानं बुध्याला जीपमध्ये घालून नेलं, सोबत गोदी. रांगेत चार तास बसवलं. डॉक्टरांनी डोळे तपासले, मान हलवली, "होईल" म्हणाले, आणि मग दंडाला पट्टा गुंडाळला. पारा वर चढला तो खाली यायलाच तयार नाही. वरचा दोनशे दहा, खालचा एकशे दहा.

"नाही करता येणार," डॉक्टर म्हणाले. "इतक्या दाबात डोळ्याला हात लावला तर आत रक्त उतरेल. आहे तोही उजेड जाईल. पुढचं शिबिर दिवाळीनंतर आहे. तोवर दाब एकशे साठच्या आत आणा."

 परतीच्या जीपमध्ये बुध्या कमरेचा बटवा काढून तंबाखू चोळत राहिला. बोलली ती गोदी, आणि तेही पाड्याच्या चढणीवर, बाप पुढं गेल्यावर.

"बाय, दिवाळी झाली की आम्ही भट्टीवर जाणार. भिवंडीकडं. पाच-सहा महिने विटा थापायच्या. डोकऱ्याला दिसलं असतं तर पोरीला त्याच्याकडं ठेवली असती. भात शिजवता येतो त्याला, पाणी आणता येतं. आता तो आंधळा. त्याला मागं ठेवता येत नाय. मग त्यालाबी नेणार, पोरीलाबी नेणार."

"आणि शाळा?"

गोदी हसली. त्या हसण्यात दुःखसुद्धा नव्हतं, हेच पुष्पलताला लागलं. "भट्टीवर कुठली शाळा? विटा मोजायला शिकंल."

पुष्पलतानं त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं: बुध्या, दिवाळीनंतर, एकशे साठ. तिला वाटलं, एक गोळी रोज, अडीच महिने. एवढं काय कठीण आहे?

मोखाड्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. बोलताना हाताशी येईल त्या कागदावर चित्र काढायची त्यांना सवय. त्यांनी रक्ताच्या नळ्या सैल करणारी गोळी दिली. रोज सकाळी एक, महिन्याच्या तीस. पुष्पलतानं त्या बुध्याच्या हातात ठेवल्या, चारदा समजावलं. बुध्यानं त्या बटव्यात टाकल्या.

महिन्यानं पट्टा बांधला. एकशे शहाण्णव.

"बाबा, गोळ्या घेतल्यास ना?"

"घेतल्या की."

"सगळ्या संपल्या?"

"संपल्या. एक उरली नाय."

बुध्या खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. मध पातळ निघाला तरी तोंडावर सांगायचा, की यंदाचा पातळ हाय. पुष्पलता मोखाड्याला जाऊन डॉक्टरांपुढं जवळजवळ रडकुंडीला आली. "गोळी लागूच पडत नाही हो."

डॉक्टरांनी केसपेपरची मागची बाजू ओढली आणि दोन गोल काढले. एक पातळ भिंतीचा, एक जाड भिंतीचा.

"रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे, सिस्टर. हिच्या भिंतीत मधला थर असतो स्नायूचा, गोल कड्यांसारखा. तो आवळला की नळी बारीक होते. थंडी वाजली, राग आला, चढण चढलो, की तो आवळतो. सगळ्यांचाच आवळतो. पण दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला, की तो सोसायला भिंत जाड होत जाते. आणि ही जाडी आतल्या अंगानं येते." त्यांनी दुसऱ्या गोलाच्या पोटात पेन्सिल घासली. भोक एवढंसं उरलं. "आता स्नायू पूर्वीइतकाच आवळला, तरी हे भोक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मिटतं. भोक मिटलं की दाब वाढला. दाब वाढला की भिंत आणखी जाड."

"म्हणजे आधी दाब की आधी जाडी?"

"ते अजून भल्याभल्यांना नक्की सांगता आलेलं नाही." डॉक्टर हसले. "पण गोळी रोज पोटात गेली तर आवळणं सैल पडतं, आणि पुष्कळ महिन्यांनी भिंतसुद्धा थोडी उतरते. रोज गेली तर. मला तुमच्या त्या बाबाची गोळी रोज जाते, असं वाटत नाही."

दुसऱ्या तीस गोळ्या घेऊन ती परतली. त्याही बुध्याकडं दिल्या. आणि मग चौथ्या दिवशी पाड्यावरून निरोप आला, जिवाला भोवळ आली, भात कापता कापता बांधावर पडला.

जिवा म्हणजे बुध्याच्या शेजारच्या घरातला, तिशीतला, रेड्यासारखा गडी. पुष्पलता पोचली तेव्हा तो खाटेवर पडून होता. बायको कमू पदरानं वारा घालत होती. पट्टा बांधला तर वरचा नव्वद.

"काय खाल्लंस सकाळी?"

"नाचणीची भाकर," जिवा म्हणाला.

"आणि वाट्याची गोळी," कमूनं भर घातली.

"कसली गोळी?"

"तू डोकऱ्याला देतीस ती. आमच्या वाट्याला तीन आल्या. यानं दोन एकदम खाल्ल्या, कामाला जोर येईल म्हणून. हावरट मेला!"

 पुष्पलतानं जिवाला पाय उंच करून निजवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, तासाभरानं पारा जागेवर आला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. तोवर दाराशी सगळा पाडा गोळा झाला होता आणि एकेक जण कबुली देत होता. कुणी डोकं दुखलं म्हणून घेतली, कुणी गुडघ्यासाठी. एकीनं कोंबडीला अर्धी घातली होती.

त्या पाड्याची रीत तिला ठाऊक होती, फक्त गोळ्यांशी तिचा संबंध लागेल असं कधी वाटलं नव्हतं. पाड्यात बाहेरून जे येईल त्याचे दहा वाटे होत. ससा मिळाला तरी दहा, मासे मिळाले तरी दहा. बुध्यानं हयातभर कड्यावरून मध उतरवला, तोही दहा पानांवर सारखा पडला. एकट्यानं खाणं म्हणजे चोरीपेक्षा नीच काम. सरकारी दवाखान्यातून तीस गोळ्या आल्या, बुध्यानं दहा घरांत तीन-तीन वाटल्या. हिशेब चोख. स्वतःच्या तीन प्रामाणिकपणे खाल्ल्या.

"बाबा!" तिचा आवाज चढला. "तुझ्या एकट्यासाठी होत्या त्या!"

बुध्या ओट्यावर बसला होता. मान आवाजाच्या दिशेनं वळली. त्याला राग आला नव्हता, लाज वाटली होती. तिची.

"एकट्यासाठी कशा असतील, बाय? तू तीस दिल्यास. एकट्याला तीस कोण देतंय?"

तिचा हात पर्सकडं गेला. डॉक्टरांचा कागद पर्समध्ये होता, पण ज्याला दिसत नाही त्याला दोन गोल काय दाखवणार? पाठीवर उज्ज्वला कुरकुरायला लागली. तिला झोळीतून काढून मांडीवर घेतलं, तेवढ्यात पोरीनं हात लांब करून बुध्याच्या कमरेचा बटवा धरला आणि ओढला. बटवा तिच्या हातात आला.

जुना बटवा. तोंडाला दोरी ओवलेली, ओढली की मिटणारा. बाहेरून काळा पडलेला, मऊ. पुष्पलतानं बटव्यात बोट घातलं आणि चकित झाली. बाहेरून मुठीएवढा, आत मात्र दोन बोटांपुरतीच जागा.

"एवढा जाड कसा रे हा?"

"डोकरीनं ठिगळं लावली," बुध्या म्हणाला. "दर वरसाला फाटायचा. चुन्याची डबी, चकमक, सुपारी, मी कोंबायचो. ती म्हणायची, बाहेरून ठिगळ लावलं तर लोक हसतील, आतून लावते. अठरा-वीस वरसं लावली."

पुष्पलतानं बटवा उलटा केला. एकावर एक ठिगळं. लाल लुगड्याचं, निळ्या चौकड्याचं, पोराच्या टोपड्याचं असावं असं फुलाफुलांचं, एक गोणपाटाच्या पातळ कापडाचं. कापडाची नुसती भिंत झाली होती. ती बघत राहिली. डॉक्टरांनी पेन्सिल घासलेला गोल तिच्या हातात होता.

"गोदी, तुझ्याकडं नवा बटवा आहे का? असाच, पण ठिगळाविना?"

गोदीनं कमरेचा काढून दिला. पातळ, छिटाचा, तेवढाच मोठा. पुष्पलतानं दोन्ही उघडे केले आणि बुध्याचा हात धरला.

"बाबा, हा गोदीचा. दोरी ओढ. चार बोटं ओढ, जास्त नाही. आता आत बोटं घाल."

"तीन जातात."

"आता हा तुझा. तेवढीच ओढ. चार बोटं."

बुध्यानं ओढली. मग बोट घालायला गेला. तर्जनी जाईना. करंगळी लावली, तीही अडली. ठिगळं आतल्या आत चेपून तोंडात दाटली होती.

"मिटला," तो म्हणाला.

"दोरी सारखीच ओढली ना?"

"सारखीच."

"तुझ्या अंगातल्या नळ्या अशा झाल्यात. जिवाच्या मात्र गोदीच्या या बटव्यासारख्या. थंडी पडली, चढण चढली, भांडण झालं, की दोरी दोघांची सारखीच ओढली जाते. जिवाचं तोंड उघडं राहतं, तुझं मिटतं. मग रक्त आत धडका मारतं. ही गोळी दोरी सैल सोडते. पण एक दिवसापुरती. दुसऱ्या दिवशी दोरी परत आवळणार, परत सोडायला हवी. आणि जिवानं घेतली तर काय होणार? त्याचं तोंड आधीच मोकळं. ते फाकलं. म्हणून पडला."

कमू खिदळली. "याचं तोंड नेहमीच फाकलेलं!"

सगळे हसले, जिवासुद्धा. बुध्या हसला नाही. तो दोन्ही हातांनी ते ठिगळांचं तोंड चाचपत होता. तसाच म्हणाला, "म्हणजे अंगानंबी डोकरीगत केलं. फाटू नये म्हणून आतून लावत गेलं."

"हो बाबा. सोसायला म्हणूनच लावत गेलं."

"मग कुणावर रागवायचं?" तो स्वतःशीच बोलला. मग मान वर केली. "मध काढताना माशा मला चावायच्या. मधाचे दहा वाटे. पण पाला चोळायचा तो मलाच चोळायचे, दहा जणांना नाय चोळायचे. गोळी म्हणजे मध नाय. गोळी म्हणजे पाला हाय. असं का नाय सांगितलंस आधी?"

पुष्पलताला हसावं की रडावं कळेना. चार-चारदा समजावलं होतं तिनं. पण हे नव्हतं सांगितलं.

तरी पेच उरलाच. पाड्यात आलेली वस्तू वाटल्याविना एका घरात ठेवायची कशी? म्हाताऱ्या बायका कुजबुजू लागल्या. तोडगा काढला कमूनं. "वाटे करूच की. प्रत्येक घरात तीन ठेवू. ज्याची पाळी त्यानं सकाळी आणून डोकऱ्याच्या तोंडात घालायची. वाटाबी झाला, पालाबी झाला."

आणि खरोखर तसंच झालं. उरलेल्या गोळ्यांचे वाटे पडले, कमी पडल्या त्या पुष्पलतानं पुढच्या खेपेला आणल्या. रोज सकाळी एक घर उठून बुध्याच्या दारात. कुणी पळसाच्या पानात गोळी बांधून आणायचं, कुणी बरोबर वाटीभर पेज. म्हातारी बाई असली तर गोळी घालताना दोन शब्द सुनवायची, "घे, गिळ, तुझ्यापायी पहाटे उठायला लागतं." बुध्या तोंड उघडायचा. पुष्पलता आठवड्यातून एकदा चढण चढून यायची. एकशे ब्याऐंशी. एकशे सत्तर. मीठ कमी कर म्हणायची, तंबाखू सोड म्हणायची. मीठ त्यानं कमी केलं. तंबाखूचं म्हणाला, "रिकामा बटवा बघून डोकरी रागावंल," पण चिमूट निम्मी झाली. दिवाळीच्या आधी पारा एकशे चौसष्टला येऊन थबकला आणि तिथंच हटून बसला. पुष्पलताला झोप लागेना. चार आकडे. चार आकड्यांसाठी पोर भट्टीवर जाणार. तिकडं भट्टीच्या मुकादमाचे निरोप सुरू झाले होते. गोदीनं त्याला शिबिराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत थोपवलं होतं.

शिबिराच्या दिवशी पहिल्या जीपनं निघायचं होतं. उजाडायच्या आत गोदीनं बापाला आणि प्रगतीला खाली आणलं, पुष्पलता उज्ज्वलाला घेऊन चढली, आणि जव्हारच्या शाळेच्या हॉलमध्ये रांगेत बसल्यावर तिनं विचारलं, "बाबा, आजची गोळी?"

"आज जिवाची पाळी. तो उठायच्या आत आपण निघालो."

तिनं घाईनं पर्स उघडली. "हरकत नाही, माझ्याकडं आहे. घे."

"नको."

"बाबा!"

"आजचा वाटा जिवाचा हाय. त्यानं आणला आणि मी दुसऱ्याच्या हातचा घेतला, तर त्याला काय वाटंल? येईल तो."

"कसा येईल? दुसरी जीप दुपारी!"

 रांग पुढं सरकत होती. गोदी एकदा बापाकडं, एकदा दाराकडं बघत होती. पुढं सात जण उरले, मग पाच. पुष्पलतानं मागच्या दोघांना पुढं जाऊ दिलं, मग आणखी दोघांना. शिबिराचा माणूस खेकसला, "बाई, यांना बसवायचं की नाही? नावं संपत आली."

तेवढ्यात दारात जिवा. गुडघ्यापर्यंत लाल धुळीनं माखलेला, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. डोंगरातल्या पाऊलवाटेनं अडीच तास चालत, निम्मा धावत आला होता. मूठ मिटलेली. मूठ उघडली तर पळसाचं पान, पानात गोळी.

"डोकऱ्या, थांबता येत नाय व्हय? उठून बघतो तर घर बंद!"

"थांबलोय की इथं," बुध्या म्हणाला आणि तोंड उघडलं.

अर्ध्या तासानं पट्टा बांधला. पुष्पलतानं पाऱ्याकडं पाठ केली. उज्ज्वलाच्या टाळूवर ओठ टेकून उभी राहिली. फुगा दाबल्याचा आवाज, मग हवा सुटल्याचा.

"एकशे चोपन्न, नव्वद. घ्या यांना."

ती वळली. म्हणाली, "आत्ताच गोळी घेतलीय, त्यामुळं असेल का?"

"एवढ्या लवकर काय होतंय?" डॉक्टर म्हणाले. "हे मागच्या दीड महिन्याचं आहे." जिवानं ते ऐकलं नाही. तो भिंतीला टेकून धापा टाकत होता आणि आपल्याच गोळीनं पारा उतरला असं समजून सगळ्यांकडं बघत होता. पुष्पलतानं त्याचा तो समज तसाच राहू दिला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. भट्टीचा ट्रक दोन दिवस उशिरा आला. गोदी आणि नवसू बोचकी घेऊन चढले. ट्रक वळणाआड जाईपर्यंत प्रगती आजाचं बोट धरून उभी होती. रडली नाही. पुष्पलता रडली. गोदी गेल्यावर तिनं बराच वेळ उज्ज्वलाला खाली ठेवलं नाही.

पौषात एका दुपारी ती शाळेवरून जात होती. शाळेच्या भिंतीला पाठ लावून, हिरवा चष्मा लावून बुध्या उन्हात बसला होता. सुट्टी झाली होती. मांडीवर बटवा उलटा करून ठेवलेला आणि प्रगती त्यावर ओणवी. बुध्या एकेका ठिगळावर बोट ठेवून सांगत होता. हे तुझ्या आजीचं लग्नाचं लुगडं. हे तुझ्या आईचं टोपडं. टाके तिरके आले होते. ते त्यानं पहिल्यांदाच पाहिले होते आणि त्यावरून बायकोची थट्टा करत होता, जशी ती शेजारीच बसली आहे.

गोणपाटाच्या ठिगळावर निळी अक्षरं होती, धुऊन धुऊन फिकी झालेली, शिवताना अर्धी कापली गेलेली.

"हे काय लिवलंय गं?" बुध्यानं विचारलं.

प्रगतीनं कपाळाला आठ्या घातल्या. बोट फिरवलं.

"ता," ती म्हणाली. मग थांबली. पुढचं अक्षर टाक्याखाली गेलं होतं. तिनं नखानं दोरा जरा बाजूला सारला. "ता... दू... आणि हा ळ. आजा, तांदूळ लिहिलंय! वरचं टिंब आजीनं शिवून टाकलंय."

"शिवला असंल," बुध्या म्हणाला. "मोकळी जागा दिसली की ती शिवायचीच." आणि बटवा सुलटा करून, दोरी ओढायच्या आधी त्यानं तोंडात करंगळी घालून किती जागा उरलीय ते पाहिलं.